ब्राझिलियन जॅझ-फंकचे रीइश्यू: रेकॉर्ड घेण्याआधी आवाज कशावरून घेतला ते विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे: आझीमुथ या ब्राझिलियन चमूची 'जॅझ कार्निव्हल' ऐकून सत्तरच्या दशकातल्या ब्राझिलियन जॅझ-फंकची गोडी लागली, हे संगीत रेकॉर्डवर ऐकायची इच्छा आहे, पण मूळ प्रतींचे भाव पाहून धडकी भरते. आता नव्याने छापून येणाऱ्या प्रती, म्हणजे रीइश्यू, घ्याव्यात का? त्या मूळ प्रतींच्या तोडीच्या असतात का? चांगली प्रत ओळखायची कशी?

घ्या, आणि मनात किंतू न ठेवता घ्या. फक्त एक सवय लावून घ्या. कव्हर, रंग, वजन यांच्याकडे नजर जाण्याआधी या तबकडीवरचा आवाज कशावरून घेतला आहे ते विचारायचं. मूळ मास्टर टेपवरून, टेपच्या नकलेवरून, कधीकाळी सीडीसाठी केलेल्या डिजिटल फाइलवरून, की कुणाच्या तरी जुन्या रेकॉर्डवर सुई ठेवून? जुन्या टेपा दुरुस्त करून त्यांचे मास्टर तयार करणं हे माझं काम आहे. माझा अनुभव असा की या एका प्रश्नाचं उत्तर मिळालं की रेकॉर्ड कशी वाजणार याचा अंदाज बराचसा येतो. पुढची कारागिरी महत्त्वाची असतेच, पण जे मुळातच आलेलं नाही ते कितीही निगुतीने छापलं तरी तबकडीवर उतरत नाही.

आधी थोडे पैसे वाचवू. ब्राझिलियन जॅझ-फंकच्या सगळ्याच मूळ प्रती महाग नाहीत. त्या काळात तिथल्या वादकांपुढे दोन वाटा होत्या: घरी राहून ब्राझीलच्या कंपन्यांसाठी वाजवायचं, नाहीतर अमेरिका गाठायची. अमेरिकेत जे मुद्रित झालं ते भरपूर छापलं गेलं. एउमिर देओदातो यांची 'प्रिल्यूड' सीटीआय कंपनीने १९७३ मध्ये काढली. रिचर्ड स्ट्राउसच्या झरथुस्त्रावरच्या रचनेच्या त्या प्रसिद्ध सुरुवातीला त्यांनी फंकचा ठेका आणि इलेक्ट्रिक पियानो दिला. सिंगल म्हणून निघालेली तिची छोटी आवृत्ती अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली, ग्रॅमीही मिळालं. इतकी खपलेली रेकॉर्ड आजही जुन्या बाजारात परवडते. त्याच वर्षीची, त्याच कंपनीची आयर्तो मोरेरा यांची 'फिंगर्स' फार वेगळी नाही. आझीमुथची 'लाइट ॲज अ फेदर' १९७९ मध्ये अमेरिकेतल्या माइलस्टोनकडून आली, म्हणून तीही आवाक्यात आहे. 'जॅझ कार्निव्हल' तिच्यातलीच. ते गाणं १९८० च्या सुरुवातीला ब्रिटनच्या पहिल्या विसांत जाऊन बसलं होतं.

अशा रेकॉर्डच्या बाबतीत रीइश्यूच्या मागे लागू नका, चांगल्या अवस्थेतली मूळ अमेरिकन प्रतच शोधा. सीटीआयची जुनी प्रत हातात आली की ती उजेडात तिरकी धरा आणि शेवटच्या गाण्यानंतर लेबलाभोवती जो मोकळा काळा पट्टा असतो तिथे पाहा. रुडी व्हॅन गेल्डर यांचं आडनाव तिथे रोमन अक्षरांत ठशाने उमटवलेलं दिसेल. ज्यांनी न्यू जर्सीतल्या आपल्या स्टुडिओत हे मुद्रित केलं, त्यांनीच ते खाचांत कोरलंही. टेप त्या वेळी ताजी होती. याहून मूळच्या जवळ तुम्ही जाऊ शकत नाही, आणि तेही नव्या रीइश्यूपेक्षा कमी पैशांत.

खरा प्रश्न येतो तो फक्त ब्राझीलमध्येच निघालेल्या, न खपलेल्या रेकॉर्डचा. यातलं सर्वांत ठळक उदाहरण आर्थर व्हेरोकाय यांचं. ते रिओचे अरेंजर. दुसऱ्यांच्या गाण्यांना वाद्यवृंद रचून देणं हा त्यांचा पेशा. १९७२ मध्ये काँतिनेंताल कंपनीने त्यांना स्वतःच्या नावाची तबकडी करू दिली आणि त्यांनी त्या संधीचं सोनं केलं. व्हायोलिन-चेलोंचा मोठा ताफा, ब्रास, ऱ्होड्स हा इलेक्ट्रिक पियानो, सिंथेसायझरचे झुळकेसारखे आवाज, सांबाची गिटार, आणि त्या सगळ्यात मधूनच त्यांचा स्वतःचा, गायकाचा म्हणता येणार नाही असा साधा आवाज. ऐकताना एका क्षणी चित्रपटाचं पार्श्वसंगीत वाटावं, दुसऱ्या क्षणी रस्त्यावरचा सोल. रेकॉर्ड पडली. व्हेरोकाय जाहिरातींच्या संगीताकडे वळले आणि तिथेच त्यांची बरीच वर्षं गेली.

तीस वर्षांनी जगाने त्यांना शोधून काढलं. २००३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या युबिक्विटी कंपनीने ती तबकडी पुन्हा काढली. एमएफ डूमसारख्या हिप-हॉप कलावंतांनी तिचे तुकडे उचलले. २००९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये त्यांना पूर्ण वाद्यवृंद देऊन ती रंगमंचावर वाजवायला बोलावलं गेलं. ब्रिटनच्या मिस्टर बोंगो या कंपनीने तिच्या आवृत्त्या काढल्या, त्या संपल्या, पुन्हा निघाल्या. २०२१ मध्ये कॅनडाच्या बॅडबॅडनॉटगुड या बँडने आपल्या रेकॉर्डवरच्या तंतुवाद्यांच्या रचना त्यांच्याकडून करून घेतल्या. हे सगळं त्यांच्या हयातीत झालं, आणि ते रीइश्यूमुळे झालं. मूळ प्रत विकली गेली तर पैसे एका संग्राहकाकडून दुसऱ्याकडे जातात, वादकाच्या हाती एक छदाम लागत नाही. रीइश्यू परवान्याने निघाला तर वाटा पोहोचण्याची शक्यता तरी असते. मला हा मुद्दा खाचांच्या खोलीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

त्या तबकडीची एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण इतर रेकॉर्ड पारखायलाही ती उपयोगी पडते. सगळी मिळून जेमतेम अर्ध्या तासाची, म्हणजे एका बाजूला साधारण पंधरा मिनिटं. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, पण सुईखालून सरकणाऱ्या खाचेचा वेग सगळीकडे सारखा नसतो. बाहेरच्या कडेला तो सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर असतो, लेबलाजवळ येईपर्यंत २१-२२ वर उतरतो. तेवढ्याच सेकंदाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबावा लागतो, म्हणून बाजूच्या शेवटच्या गाण्यात झांजांची चकाकी जाते, 'स' आणि 'श' फुटतात. बाजू छोटी असली की शेवटचं गाणं लेबलापासून लांब राहू शकतं आणि खाचाही ऐसपैस कोरता येतात. व्हेरोकायांच्या मागच्या बाजूचं शेवटचं गाणं 'कारिना' हे रेकॉर्डमधलं सर्वांत मोकळं, वादकांना वाव देणारं वादन आहे. चांगल्या प्रतीवर तिथेही झांज झांजेसारखीच वाजते. नवी प्रत आली की मी सर्वांत आधी सुई तिथेच ठेवतो.

मूळ ब्राझिलियन प्रतींबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे, की त्या महाग आहेत म्हणजे वाजायलाही श्रेष्ठ असणार. काही असतात. पण १९७३ च्या तेलटंचाईनंतर विनाइल महागलं आणि तबकड्या पातळ झाल्या. त्यातून या रेकॉर्ड लोकांनी नाचण्यासाठी, घरच्या पार्टीसाठी घेतल्या होत्या, जड सुईखाली वर्षानुवर्षं वाजवल्या. खाचांच्या भिंती झिजल्या की तो आवाज कुठल्याच धुलाईने परत येत नाही. साठच्या आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची बरीच कव्हरं तिथे ज्याला 'सँडविच' कव्हर म्हणतात तशी आहेत, छापील कागद दोन पातळ प्लास्टिकच्या मध्ये. दिसायला देखणी, पण कडा उसवतात, आत दमट हवा शिरली की कागदावर डाग पडतात. मागच्या बाजूला 'डिस्को ए कुल्तुरा' हे घोषवाक्य दिसेल, त्या काळच्या ब्राझिलियन कव्हरांवर ते हमखास असतं. वस्तू म्हणून मला या प्रती अतिशय प्रिय आहेत. पण ज्याला संगीत ऐकायचं आहे त्याने झिजलेल्या मूळ प्रतीसाठी कर्ज काढू नये.

आता टेपांकडे येऊ, कारण गोम तिथेच आहे. कंपन्या विकल्या गेल्या, गोदामं हलली, टेप महाग म्हणून जुन्यावरच नवं मुद्रित झालं. ज्या रेकॉर्ड खपल्या नव्हत्या त्यांच्या टेपा जपायचं कारण कुणालाच दिसलं नाही. जिथे टेप उरली तिथेही ती लगेच वाजवता येत नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासूनच्या अनेक टेपांवर चुंबकीय भुकटी धरून ठेवणारा जो लेप आहे तो हवेतलं बाष्प शोषून चिकट होतो. तशी टेप यंत्रावर चढवली की ती कर्कश किंचाळते आणि भुकटी, म्हणजे साक्षात आवाज, यंत्राच्या हेडवर खरवडून निघतो. उपाय ऐकायला विचित्र वाटेल: टेप ५० ते ५५ अंश सेल्सिअसच्या स्थिर उष्णतेत कित्येक तास भाजायची. बाष्प निघून जातं, टेप काही आठवडे नीट चालते, तेवढ्या अवधीत तिचं मुद्रण उतरवून घ्यायचं. मराठी नाट्यगीतांच्या ज्या टेपा माझ्या हातून गेल्या त्यांतल्या काहींनाही हेच करावं लागलं. समुद्रकाठची दमट हवा रिओची असो की मुंबईची, टेपला ती सारखीच भोवते.

कधी कधी एखाद्या वादकाने टेप घरी जपलेली असते आणि मग नशीब उघडतं. एर्मेतो पाश्कोआल यांनी १९७६ मध्ये साओ पाउलोच्या व्हिसे-व्हेर्सा स्टुडिओत आपल्या चमूसह केलेलं मुद्रण असंच चाळीसएक वर्षं पडून होतं. त्यात वाजवणारे लेलो नाझारिओ यांनी टेप सांभाळली होती, आणि लंडनच्या फार आउट रेकॉर्डिंग्जने ती २०१७ मध्ये प्रथमच तबकडीवर आणली. आझीमुथच्या १९७३ ते ७५ मधल्या कच्च्या मुद्रणांचंही तसंच झालं, ती २०१९ मध्ये बाहेर आली. अशा रेकॉर्डला रीइश्यू म्हणणंही चूक आहे, त्यांची मूळ प्रत म्हणजे हीच. मुद्रण थोडं खरबरीत आहे, पण जोझे रोबेर्तो बेर्त्रामी यांच्या बोटांखाली सिंथेसायझर नवा नवा असतानाचा तो उत्साह नंतरच्या तुळतुळीत रेकॉर्डमध्ये इतका उघड ऐकू येत नाही.

आझीमुथबद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण या संगीताची बरीचशी सूत्रं त्यांच्यापाशी येऊन मिळतात. बेर्त्रामी कळफलकावर, अॅलेक्स माल्येइरोस बासवर, इवान कोंती उर्फ मामाओ ड्रमवर. तिघे रिओच्या स्टुडिओंत इतरांसाठी वाजवणारे वादक. गायक-संगीतकार मार्कोस व्हाले यांच्याबरोबर त्यांनी फित्तिपाल्दी या मोटार शर्यतपटूवरच्या चित्रपटाचं संगीत केलं, त्यातल्या एका रचनेचं नाव त्यांनी आपल्या चमूसाठी घेतलं. व्हाले यांच्या १९७३ च्या 'प्रेव्हिजाओ दो तेम्पो'मध्येही तेच वाजवतात. कव्हरवर पाण्याखाली बुडालेले व्हाले दिसतात ती ही रेकॉर्ड. १९७५ मध्ये त्यांची स्वतःची पहिली रेकॉर्ड सोम लिव्ह्रे या कंपनीकडून आली. ही कंपनी तेव्हा ग्लोबो या दूरचित्रवाणी समूहाची होती, मालिकांची गाणी विकणं हा तिचा मुख्य धंदा, आणि आझीमुथचं 'लिन्या दो ओरिझोंते' एका मालिकेतूनच घरोघरी पोचलं. म्हणजे हे संगीत काही कोपऱ्यातल्या दर्दी मंडळींपुरतं जन्मलं नव्हतं. आपल्याकडे जे काम चित्रपटगीतं करतात ते तिथे मालिका करत होत्या. आपल्या संगीताला ते स्वतः 'सांबा दोइदो', वेडा सांबा म्हणत. बेर्त्रामी २०१२ मध्ये गेले, मामाओ २०२३ मध्ये.

त्यांच्या रेकॉर्डवरून बासची पारख शिका. माल्येइरोस यांचा बास हा त्या संगीताचा कणा आहे. तबकडीत खोल आवाज कोरायला खाच रुंद हेलकावत न्यावी लागते, म्हणून तो जागा खातो. बाजू लांब असेल तर कोरणाऱ्याला दोनच मार्ग उरतात: सगळा आवाज खाली आणायचा किंवा बास छाटायचा. स्वस्तातल्या छपाईत बहुतेक वेळा दुसरं होतं. लक्षण सांगतो. बास ऐकू येतो पण त्याला पाऊल नसतं, प्रत्येक स्वर कुठे सुरू झाला आणि कुठे थांबला ते कळत नाही, ड्रमचा पायाचा ठोका आणि बास यांची एकच गुणगुण होते. चांगल्या प्रतीवर हे दोघे सुटे चालतात, एकमेकांना वाट देतात. वीस मिनिटांपेक्षा लांब बाजू असलेल्या जॅझ-फंकच्या रेकॉर्डकडे मी जरा सावधपणे पाहतो. तेच संगीत दोन तबकड्यांवर किंवा ४५ फेऱ्यांच्या वेगावर निघालं असेल तर उठून रेकॉर्ड उलटायचे कष्ट मी आनंदाने घेतो.

आणि तबकडीचं १८० ग्रॅम वजन? त्याने आवाज सुधारत नाही. साधी रेकॉर्ड १४० ग्रॅमच्या आसपास असते आणि नीट छापली तर तितकीच छान वाजते. जड तबकडी जरा कमी वाकते इतकंच. रंगीत विनाइलबद्दलही माझं तेच मत आहे.

जुन्या रेकॉर्डवरून उतरवलेला रीइश्यू कानाने ओळखता येतो. टेप खरंच हरवली असेल आणि कंपनीने चांगल्यातली चांगली प्रत मिळवून, वेळ देऊन काम केलं असेल, कव्हरवर तसं लिहिलं असेल, तर माझी त्याला हरकत नाही. काही रेकॉर्ड दुसऱ्या कुठल्याच मार्गाने परत आल्या नसत्या. चीड येते ती लपवण्याची. गाणं मंद होत संपतं तिथे कान द्या. सगळं शांत होत असताना खाली बारीक खरखर राहिली आणि मग एकदम कापल्यासारखी थांबली, तर ती खरखर तुमच्या प्रतीची नाही, ज्या प्रतीवरून उतरवलं तिची आहे. तुमच्या रेकॉर्डवरचा ओरखडा असेल तर टक्-टक् बरोबर १.८ सेकंदांनी येते, कारण एक फेरा तेवढ्याच वेळात पूर्ण होतो. खरखर काढणारी संगणकीय साधनं जोरात चालवली की दुसरा दोष येतो: ड्रमच्या काठीचा पहिला टोकदार क्षणही त्यांना खरखरच वाटते आणि ती तो खातात. सांबाचा तांबोरिम हा छोटा ड्रम, शेकर, ड्रमच्या कडेवरचा ठोका हे सगळे त्या क्षणावरच जगतात. ते बोथट झाले की रेकॉर्ड स्वच्छ वाटते पण पाय हलत नाही.

बांदा ब्लॅक रिओची १९७७ ची 'मारिया फुमासा' यासाठी उत्तम कसोटी आहे. तिच्यात गाणाराच नाही, सगळं ब्रास, बास, ड्रम, कळफलक आणि गिटारचं. सॅक्सोफोनवादक ओबेर्दान मागाल्याइस यांनी हा चमू बांधला. त्याआधी ते दोम साल्व्हादोर यांच्या 'अबोलिसाओ'मध्ये होते, आणि त्या चमूची १९७१ ची 'सोम, सांगे ए रासा' ही या सगळ्याची पूर्वपीठिका म्हणून जरूर ऐका. रिओच्या उत्तर भागातल्या कष्टकरी वस्त्यांत शनिवार-रविवारी हजारो कृष्णवर्णीय तरुण जेम्स ब्राउनच्या तालावर नाचायला जमत होते. १९७६ मध्ये 'जोर्नाल दो ब्राझील'ने त्यावर मोठा लेख छापला आणि 'ब्लॅक रिओ' हे नाव सर्वतोमुखी झालं. लष्करी राजवटीला त्यात बंडाचा वास आला, पोलिसांची पाळत बसली. डाव्या मंडळींतल्याही काहींना हे अमेरिकेचं अनुकरण वाटलं. ओबेर्दान यांनी या वादाला वाद्यांनीच उत्तर दिलं. आरी बारोझो आणि लुईझ गोंझागा यांच्या जुन्या, साऱ्या ब्राझीलला पाठ असलेल्या चाली त्यांनी घेतल्या, खाली फंकचा बास दिला, आणि वर गाफिएइराच्या नाचघरातला ब्रास. कुठे सांबा संपतो आणि कुठे फंक सुरू होतो ते शोधून दाखवा. शीर्षकरचना त्याच वर्षी 'लोकोमोतिव्हास' या मालिकेच्या सुरुवातीला वाजू लागली. ओबेर्दान १९८४ मध्ये अपघातात गेले. या रेकॉर्डच्या सुरुवातीच्या ब्रासच्या फटकाऱ्याला धार नसेल, तर ती प्रत परत करा.

परवान्याचा मुद्दा इथे नीट समजून घ्या, कारण विक्रेते त्यात गोंधळ घालतात. "युरोपात जुनं संगीत मुक्त असतं" असं सांगितलं जातं. ते अर्धसत्य आहे. युरोपीय संघात ध्वनिमुद्रणाचं संरक्षण पूर्वी ५० वर्षांचं होतं, ते वाढवून ७० केलं, पण १९६३ च्या आधी निघालेलं जे तोवर मुक्त झालं होतं ते मुक्तच राहिलं. म्हणून बोसा नोव्हाच्या पहिल्या काळातल्या रेकॉर्ड तिथे कुणीही छापतो. सत्तरच्या दशकातली जॅझ-फंकची एकही रेकॉर्ड या सवलतीत बसत नाही. ब्राझीलमध्ये मुदत ७० वर्षांची आहे, भारतात ६०. त्यामुळे १९७० नंतरच्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला परवाना कुणाकडून घेतला ते छापलेलं नसेल, कंपनीचा पत्ता नसेल, लेबल जुन्या लेबलाची हुबेहूब नक्कल असेल, तर ती चोरटी छपाई समजा. आणि चोरटी छपाई करणाऱ्याकडे टेप कुठून येणार? बहुधा सीडी किंवा इंटरनेटवरची फाइल. वादकालाही पैसे नाहीत आणि तुम्हालाही आवाज नाही.

हे सगळं परत कसं आलं तेही थोडक्यात सांगतो. ऐंशीच्या दशकात लंडनमध्ये जॅझवर नाचणाऱ्यांचे क्लब होते, आणि तिथल्या डीजेंना रोज नवं काहीतरी हवं असे. जो डेव्हिस तरुणपणी ब्राझीलला जाऊन पेट्याच्या पेट्या रेकॉर्ड आणत. त्यांनी पुढे १९९४ मध्ये फार आउट ही कंपनी काढली आणि जुनं छापण्यावर न थांबता आझीमुथकडून नव्या रेकॉर्ड करून घेतल्या. त्यामुळे त्या तिघांची कारकीर्द सावरली. जपानचे संग्राहक, मग अमेरिकेचे हिप-हॉप निर्माते यांनी मागणी वाढवली. त्यांच्यातलेच मॅडलिब आणि आझीमुथचे मामाओ यांनी २००८ मध्ये एकत्र रेकॉर्डही केली. सिअॅटलच्या लाइट इन द ॲटिक या कंपनीने २०१३ मध्ये व्हाले यांच्या १९७० ते ७३ च्या चार रेकॉर्ड एकदम परत आणल्या. खुद्द ब्राझीलमध्ये रिओजवळच्या बेलफोर्ड रोशो इथला पोलिसोम हा रेकॉर्ड छापणारा कारखाना २००७ मध्ये बंद पडला होता, तो नव्या मालकांनी पुन्हा उभा केला आणि ब्राझीलच्या अभिजात रेकॉर्डची एक मालिकाच तिथून निघू लागली. तिथल्या तरुणांना आपलं संगीत लंडनहून मागवावं लागू नये, याचं मला फार समाधान आहे.

आता कुठून सुरुवात करायची ते सांगतो. पहिली 'मारिया फुमासा', कारण ती कुणालाही पहिल्या ऐकण्यात कळते. मग आझीमुथची १९७५ ची पहिली, आणि तिच्या पाठोपाठ १९७७ ची 'आगिया नाओ कोमे मोस्का'. व्हेरोकाय तिसरे, पण त्यांना घाईत ऐकू नका, रात्री एकटे बसून ऐका. 'प्रेव्हिजाओ दो तेम्पो' ज्यांना गाणं हवं त्यांच्यासाठी. जोआओ दोनातो यांच्या दोन्ही बाजू माहीत असाव्यात: १९७० मध्ये लॉस एंजेलिसला केलेली दणकट 'अ बॅड दोनातो' आणि मायदेशी परतल्यावर १९७३ मध्ये केलेली 'केंग ए केंग', जिच्यात ते पहिल्यांदा स्वतः गायले. मला दुसरी जास्त आवडते. इतकं हळू, इतकं कमी वाजवून इतका ठेका धरणारा पियानोवादक मी दुसरा ऐकलेला नाही. गोव्यातल्या ज्या घरांत अजून पोर्तुगीज वाचतात, त्यांना या रेकॉर्डच्या मागच्या मजकुराचा आणि शब्दांचा जादा आनंद मिळेल.

भारतात मागवताना एकेक रेकॉर्ड मागवू नका, टपालखर्चच रेकॉर्डइतका होतो. दोघा-तिघांनी मिळून एक खोकं मागवा, सीमाशुल्क आणि जीएसटी धरून प्रत्येकाचा हिस्सा आधीच ठरवा. विक्रेत्याला सांगा की तबकडी कव्हरच्या बाहेर काढून मागे ठेवून पाठव, म्हणजे वाटेतल्या आदळआपटीत कव्हरची वरची शिवण फाटत नाही. घरी आली की घट्ट प्लास्टिकचं वेष्टन काढून टाका. ते आकसतं आणि उन्हाळ्यात तबकडी वाकवतं. कागदी आतल्या पाकिटाऐवजी पातळ पॉलिथीनचं अस्तर असलेलं पाकीट वापरा, कारण कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि बुरशी खाचांत उतरते. रेकॉर्ड उभ्या ठेवा, भिंतीला चिकटवून नको.

नवी प्रत आली की परत करण्याची मुदत संपायच्या आत दोन्ही बाजू पूर्ण ऐका, पारखून ऐका. या संगीताचा एक फायदा असा की ऱ्होड्स पियानोचा लांब रेंगाळणारा स्वर छपाईतला एक दोष चटकन उघडा पाडतो. मधलं भोक जरासं बाजूला पडलं असेल तर प्रत्येक फेऱ्यात खाच सुईखाली पुढे-मागे होते आणि तो स्वर किंचित चढतो, किंचित उतरतो, दर १.८ सेकंदांनी. ड्रममध्ये हे कळत नाही, गाण्यात क्वचित कळतं, ऱ्होड्समध्ये लपत नाही. शंका आली तर वरून टोनआर्मकडे, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याकडे, पाहा. तो आत सरकताना डावी-उजवीकडे झुलत असेल तर फोनवर पंधरा-वीस सेकंदांचं चित्रीकरण करा आणि विक्रेत्याला पाठवा. चांगली कंपनी यावर वाद घालत नाही, दुसरी प्रत देते.